कपाटातली दुर्बीण

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात केलेले भाषण. टेबलावर दुर्बीण उघडून ठेवून बोललो होतो. स्मरणिकेसाठी लिहून काढताना, हाताने दाखवलेल्या गोष्टी शब्दांत आणल्या आहेत.)



काल रात्री जेवणानंतर आपल्या बॅचच्या देणगीचा विषय निघाला. शाळेला काय द्यावे यावर बऱ्याच सूचना आल्या आणि सगळ्यांत जास्त हात वर झाले ते एका मोठ्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या दुर्बिणीसाठी. सूचना उत्तम आहे. पण त्याच वेळी प्रयोगशाळेच्या बाई हळूच म्हणाल्या, "एक दुर्बीण आहे हो शाळेत. पण ती बंद आहे." डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिच्यापुढे शेरा आहे: 'नादुरुस्त. काहीही दिसत नाही.' यंदा ती निर्लेखित करायचे ठरले आहे, म्हणजे पुढच्या महिन्यात भंगारात.

बंद दुर्बीण हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. पंखा बंद पडतो, मोटर बंद पडते. दुर्बिणीत जळण्यासारखे काही नसते. दोन आरसे, चार-सहा भिंगे आणि एक नळी. तेव्हा आज सकाळी साडेसातला बाईंनी कपाट उघडून दिले आणि कार्यक्रमाला स्वयंसेवक म्हणून आलेल्या नववीतल्या दोन मुली आणि एक मुलगा यांना बरोबर घेऊन मी ती उघडली. तीच आता या टेबलावर तुमच्यासमोर सुटी करून ठेवली आहे. तिच्या पोटात काय आहे ते आधी बघू. देणगीचे मग बोलू.

सुरुवात खोक्यापासून करतो, कारण पहिली गडबड तिथेच आहे. खोक्यावर शनीचा झकास रंगीत फोटो आहे आणि मोठ्या अक्षरांत लिहिले आहे '५२५ पट'. हा आकडा येतो कुठून? दुर्बिणीचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. खोक्यातल्या सर्वांत लहान नेत्रिकेचे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचे, नाभीय अंतर ४ मिलिमीटर. सातशे भागिले चार म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५. गणित चोख आहे. सर, तुम्ही पूर्ण मार्क दिले असते.

पण दुर्बिणीचे पहिले काम प्रकाश गोळा करण्याचे असते, मोठे करण्याचे काम त्यानंतरचे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास ७६ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढा, साधारण ११८ पट येते. इतकी मोठी बाहुली आपल्याला मिळते, हा या नळीचा खरा मोठेपणा. आता हाच प्रकाश तुम्ही जितका ताणून पसरवाल तितके चित्र अंधूक होणार. ३५ पट मोठे केलेले चित्र ५२५ पट केले, म्हणजे पंधरा पट ताणले, की ते सव्वादोनशे पट अंधूक होते. व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर दोन पट, असा साधा हिशेब आहे. म्हणजे या दुर्बिणीची मर्यादा दीडशेच्या आसपास, तीही हवा स्थिर असेल तेव्हा. पुरणपोळीचा उंडा लहान असेल आणि पोळी ताटाएवढी लाटायची म्हटली तर ती फाटणारच, तसे हे आहे. कपाटातून काढली तेव्हा दुर्बिणीत नेमकी तीच जोडी बसवलेली होती: ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि खाली बार्लो. कोणीतरी खोक्यावर विश्वास ठेवला होता, त्यात त्याचा काही दोष नाही.

आता मुख्य आरसा. नळीच्या मागच्या टोकाचे तीन स्क्रू काढले की तो बैठकीसकट बाहेर येतो. हा बघा. जाड काच, दिसायला जवळजवळ सपाट. तो अंतर्वक्र आहे, पण मधली खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर. आपल्या घरातल्या आरशाला काचेच्या मागे मुलामा असतो. याला पुढच्या बाजूला आहे, अ‍ॅल्युमिनियमचा, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ. म्हणून यावर बोट लावायचे नाही आणि रुमालाने पुसायचे तर मुळीच नाही.

भिंगाऐवजी आरसा वापरायचा हा मार्ग प्रत्यक्षात चालवून दाखवला न्यूटनने, १६६८ मध्ये. त्या काळच्या भिंगांत चित्राभोवती रंगीत कडा येत, कारण काच प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळवते. आरसा सगळ्या रंगांना सारखाच परतवतो. न्यूटनचा आरसा तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा होता, व्यास दीड इंचाहूनही कमी. हा धातू काळा पडे आणि पुन्हा पुन्हा पॉलिश करावा लागे. काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची युक्ती १८५०च्या दशकात आली आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा १९३०च्या दशकात. म्हणजे आपल्या शाळेच्या कपाटातला हा आरसा न्यूटनच्या आरशापेक्षा दुप्पट मोठाही आहे आणि कितीतरी जास्त चकचकीतही.

स्वस्त दुर्बिणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, तिचा आरसा गोलीय असतो. आक्षेप खरा आहे. गोलाचा तुकडा घासून बनवणे सोपे, म्हणून स्वस्त. पण गोलीय आरसा कडेचे किरण आणि मधले किरण एकाच बिंदूत आणत नाही. त्यासाठी आकार अन्वस्ताचा लागतो, भूमितीत शिकलो तोच. मग ही दुर्बीण टाकाऊ ठरते का? बघू या. ७६ मिलिमीटर व्यास आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतर असेल, तर गोल आणि अन्वस्त यांच्यातला फरक अगदी कडेला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. फोकस थोडा मागेपुढे केला की त्यातलाही बराचसा भरून निघतो आणि डोळ्याला काही जाणवत नाही. मात्र त्याच व्यासाची, ३०० मिलिमीटर नाभीय अंतराची आखूड, टेबलावर ठेवायची दुर्बीण घेतली, तर हाच फरक बारा पटींहून जास्त होतो. कारण तो नाभीय अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अशा आखूड दुर्बिणीत तारकागुच्छ छान दिसतात, पण शनी मोठा करायला गेलात की चित्र विरघळते. आपली लांब आहे, हे आपले नशीब. ज्याने ती निवडली त्याने शाळेचे भले केले आहे.

आता आरशाच्या कडेचे हे तीन चिमटे बघा. आरसा पडू नये म्हणून ते असतात. कारखान्यात कोणीतरी ते पिळून घट्ट केले होते. काच आपल्याला कडक वाटते, पण इथे आपण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या गोष्टी करतो आहोत. एवढ्या दाबाने ती वाकते आणि तारा गोल ठिपका न दिसता तिकोनी दिसायला लागतो. उपाय स्क्रू ड्रायव्हरचा एक अर्धा वेढा. आरसा हलवला तर अगदी बारीक खुटखुट व्हावी, इतपत सैल. हे काम त्या मुलाने केले. त्याचे वडील सायकलचे दुकान चालवतात. घट्ट म्हणजे किती घट्ट हे त्याच्या हाताला आधीच कळत होते.

नळीच्या पुढच्या भागात, तीन पातळ पट्ट्यांवर हा दुसरा आरसा. सपाट, लंबवर्तुळाकार आणि ४५ अंशांत तिरका. मुख्य आरशाकडून येणारे किरण तो बाजूला वळवून नेत्रिकेकडे पाठवतो. नाहीतर बघायला आपले डोके नळीत घालावे लागले असते. खरी मेख इथे सापडली. या आरशाचा मधला स्क्रू सैल झाला होता आणि आरसा स्वतःभोवती फिरून नळीच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणजे नेत्रिकेला डोळा लावणाऱ्याला दुर्बीण काय दाखवत होती? स्वतःच्याच नळीचा काळा रंग. 'काहीही दिसत नाही' हा शेरा शब्दशः खरा होता.

इथे त्या दोन मुलींपैकी एकीने प्रश्न विचारला. म्हणाली, "काका, हा आरसा तर बरोबर वाटेतच उभा आहे. मग चंद्राच्या मधोमध याची सावली का नाही पडत?" मी उत्तर देण्याआधी बाईंनी तिला बहिर्वक्र भिंग, मेणबत्ती आणि पांढरा पडदा आणून दिला. "अर्धे भिंग हाताने झाक," म्हणाल्या. तिने झाकले. पडद्यावर मेणबत्ती पूर्णच राहिली, फक्त मंद झाली. मित्रांनो, हा प्रश्न आपल्याही परीक्षेत येत असे आणि अर्धा वर्ग 'अर्धी प्रतिमा दिसेल' असे लिहून यायचा. आरशाचा प्रत्येक तुकडा संपूर्ण चित्र काढत असतो. वाटेतला आरसा थोडा प्रकाश खातो, चित्र खात नाही. मग तिने फूटपट्टीने त्याची रुंदी मोजली: १९ मिलिमीटर. मुख्य आरसा ७६. म्हणजे चौथाई रुंदी, सोळावा हिस्सा क्षेत्रफळ. "रुपयातला एक आणा गेला," बाई म्हणाल्या. आणा म्हणजे काय ते मात्र मुलीला वेगळे समजावून सांगावे लागले.

दोन आरशांची तोंडे एकमेकांसमोर नीट आणायची, याला कॉलिमेशन म्हणतात. नाव भारी, काम सोपे. त्यासाठी बाजारात लेझरचे साधन मिळते, पण आपल्याला जुन्या फोटोच्या रोलची प्लॅस्टिकची डबी पुरते. तिची रुंदी नेत्रिकेच्या ३१.७ मिलिमीटरच्या नळीत बरोबर बसते. डबीचा तळ कापायचा, झाकणाला मधोमध बारीक भोक पाडायचे आणि त्यातून बघायचे. आधी तिरक्या आरशामागचे तीन छोटे स्क्रू फिरवून मुख्य आरसा पूर्ण गोल आणि मध्यभागी दिसेल असे करायचे. मग मुख्य आरशामागचे तीन स्क्रू फिरवून आपल्याच डोळ्याचे प्रतिबिंब मध्यावर आणायचे. एकाने बघायचे, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा, तिसऱ्याने 'उजवीकडे, डावीकडे' वरून भांडायचे. वीस मिनिटे लागली. रात्री खात्री करायची असेल तर तेजस्वी ताऱ्यावर फोकस थोडा बिघडवायचा. ताऱ्याची चकती होते आणि तिच्यात तिरक्या आरशाची काळी सावली दिसते. ती मधोमध असली की जमले.

फोकसर म्हणजे ही दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे दातेरी चाक. स्वस्त दुर्बिणीत हा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि ढिलेपणा लपवायला त्यात चिकट ग्रीस भरलेले असते. जुने ग्रीस रॉकेलने पुसले, थोडे नवे लावले, दाब देणारे दोन स्क्रू सारखे केले. नळीच्या आतल्या भिंतीवर कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, ते काढले. फोकसरच्या समोरच्या भिंतीला मॅट काळा कागद चिकटवला, कारण तिथला रंग चकाकत होता आणि चंद्राचा प्रकाश आत भटकून चित्र पांढुरके करतो.

नेत्रिका. या छोट्या नळकांड्यावर इंग्रजी एच आणि २० लिहिले आहे. एच म्हणजे हायगेन्स. शनीभोवती दिसणारे 'कान' हे प्रत्यक्षात एक कडे आहे, हे १६५९ मध्ये ज्यांनी प्रसिद्ध केले तेच हे क्रिस्तियान हायगेन्स. दोन साधी भिंगे ठरावीक अंतरावर ठेवून रंगांचा दोष बराच कमी करता येतो, ही त्यांची सतराव्या शतकातली कल्पना, आणि साडेतीनशे वर्षांनी ती आपल्या खोक्यात आहे. आखूड दुर्बिणीत ही नेत्रिका चालत नाही. आपल्या लांब दुर्बिणीत बऱ्यापैकी चालते. तिने ३५ पट मोठे दिसते. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण २० पटींच्या दुर्बिणीतून. म्हणजे ३५ कमी नव्हेत. दुसरी १२.५ मिलिमीटरची, ५६ पट. तीही ठीक. ४ मिलिमीटरचीचे भोक मात्र टाचणीच्या डोक्याएवढे आहे, पापणी काचेला लागते. ती आणि बार्लो, दोन्ही मी परत खोक्यात ठेवली आहेत. उलटे चित्र सुलटे करणारे हे लांब नळकांडेही तिथेच. आकाशात वर-खाली कुठे असते?

आणि ही शेवटची वस्तू. नेत्रिकेवर बसवायची गडद हिरवी काच, तिच्यावर 'सन' लिहिलेले. सूर्य बघायला म्हणून अनेक जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर ही येई. गमतीचे बोलणे इथे थांबवतो. ही काच नेमकी तिथे बसते जिथे आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता एकवटते. ती तापून तडकू शकते, आणि तडकली तर पापणी मिटायच्या आत डोळा जातो. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो. इथे कागदाच्या जागी मुलाचा डोळा असतो. ही काच मी बाईंच्या परवानगीने हातोडीने फोडून टाकली आहे. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारे, खास त्यासाठी बनवलेले सौर फिल्टर हवे आणि शेजारी जाणते माणूस हवे. ही एक सूचना रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहावी, अशी माझी विनंती आहे.

नळीवरची ही छोटी शोधक दुर्बीण. तिच्यावर ५×२४ लिहिले आहे, म्हणजे पाच पट आणि २४ मिलिमीटरचे भिंग. भिंग काढून आत बघितले तर मागे एक काळी चकती आणि तिला जेमतेम १० मिलिमीटरचे भोक. भिंग इतके साधे आहे की त्याची कड वापरली तर चित्र बिघडते, म्हणून कारखान्यानेच ती झाकली. चंद्र आणि ठळक ग्रह शोधायला एवढे पुरते. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, दूरच्या टॉवरचे टोक मोठ्या दुर्बिणीत मध्यावर आणायचे आणि शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही मध्यावर आणायचे. हे न केल्यामुळे कितीतरी दुर्बिणी 'बंद' पडतात.

राहिला तिपाई स्टँड, आणि या दुर्बिणीचा खरा कच्चा भाग हाच आहे. पाय पत्र्याचे, सांधे प्लॅस्टिकचे. फोकसरला हात लावला की चित्र चार-पाच सेकंद थरथरते. त्यात पृथ्वी फिरते आहे. ३५ पटींवर ग्रह साधारण चार मिनिटे चित्रात राहतो, ५२५ पटींवर पंधरा-वीस सेकंदांत निसटून जातो. थरथर थांबेपर्यंत ग्रह गेलेला असतो.

यावर उपाय एका संन्याशाने शोधला आहे. जॉन डॉब्सन, जन्म १९१५. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेतल्या मठात, १९४४ पासून ते साधक होते. हातात पैसा नाही. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि दुर्बीण लाकडी खोक्यात बसवली. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले. २०१४ मध्ये ते वारले. त्यांच्या पद्धतीचे लाकडी बैठे स्टँड आज जगभर वापरतात. त्याला लागते काय? प्लायवूड, टेफ्लॉनचे चार तुकडे आणि ते ज्यावर सरकतील असा खडबडीत सनमायका. आपल्या बॅचमध्ये फर्निचरचा कारखाना असलेला मित्र दुसऱ्या रांगेत बसला आहे. तो आत्ता मान हलवतोय, हे सगळ्यांनी साक्षीला ठेवावे.

तर असा हा हिशेब. दुर्बिणीत मोडलेले काहीही नव्हते. एक स्क्रू सैल होता, तीन घट्ट होते आणि चुकीची नेत्रिका लावलेली होती. साडेनऊला ती पुन्हा जोडून गच्चीवर नेली आणि गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे लावली. त्या मुलीने बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि म्हणाली, "टाकीच्या जिन्याला अकरावी पायरी नाहीये." आम्ही सगळ्यांनी मोजली. खरेच नाही.

आज सप्तमीचा चंद्र आहे. अंधार पडला की सगळ्यांनी गच्चीवर यावे. जिथे उजेड आणि अंधार भेटतात त्या रेषेवर चंद्राची विवरे आणि डोंगरांच्या सावल्या दिसतील. ही दुर्बीण पुढे वर्षभरात काय दाखवेल तेही सांगतो: गुरूचे चार चंद्र आणि त्याच्यावरचे दोन पट्टे, शनीचे कडे, शुक्राच्या कला, कृत्तिकांचा पुंजका, मृगातला तेजोमेघ धूसर ढगासारखा. काय दाखवणार नाही तेही सांगायला हवे. खोक्यावरच्या फोटोतले रंग दिसणार नाहीत. शनी वाटाण्याएवढाही दिसणार नाही, मोहरीएवढा दिसेल. पण त्या मोहरीला कडे असेल आणि ते कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतःच्या डोळ्याने दिसेल.

जपणुकीचे दोन शब्द, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी. जून ते सप्टेंबर नेत्रिका हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, नाहीतर भिंगांवर बुरशीची जाळी धरते. आरशावर थोडी धूळ असली तर असू द्यावी. शंभरातला एक भाग धुळीने झाकला तर शंभरातला एक भाग प्रकाश कमी होतो, एवढेच. फारच खराब झाला तर नळाच्या बारीक धारेखाली धरावा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ओला कापूस स्वतःच्या वजनाने फिरवावा, दाब अजिबात न देता. शेवटी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा करून वाळवावा. वर्षातून एकदासुद्धा गरज पडत नाही.

ज्यांना नातवंडांसाठी दुर्बीण घ्यायची आहे त्यांच्यासाठी एकच खूण. दुकानात नळीची लांबी बघा. नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले आणि आरशाची नळी मात्र अर्ध्या मीटरचीच, असे असेल तर फोकसरच्या आत एक जादा भिंग लपवलेले आहे. ते साफ करायला म्हणून काढले की दुर्बीण फोकसच होत नाही आणि आरसे जुळवणेही अवघड जाते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता देणगी. मोठ्या दुर्बिणीला माझा विरोध नाही. पण ती आली की काय होईल याचा विचार करू. किंमत मोठी, म्हणून कपाटाला दोन कुलपे. रजिस्टरवर सही बाईंची, म्हणून काही बिघडले तर जबाबदारी बाईंची. मग कोणती बाई ती मुलांच्या हातात देईल? या छोट्या दुर्बिणीचे नेमके तेच झाले. मोडेल म्हणून कोणी उघडली नाही, आणि उघडली नाही म्हणून एका सैल स्क्रूवर ती भंगारात निघाली होती. आपल्या वेळी प्रयोगशाळेत सरांनी आपल्याला स्क्रू गेज हातात दिला होता. त्यातले दोन आपण पाडलेही. सर, तुम्ही ओरडलात, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा हातात दिलात. आज इथे बसलेले चार इंजिनिअर त्या दोन स्क्रू गेजच्या किमतीत तयार झाले आहेत.

म्हणून माझी सूचना तीन भागांची आहे. एक, ही दुर्बीण निर्लेखित करू नये. तिचे लाकडी स्टँड आणि २५ व १० मिलिमीटरच्या दोन बऱ्या नेत्रिका एवढाच खर्च आपण करावा. दोन, दरवर्षी नववीच्या मुलांनी ती एकदा पूर्ण उघडावी आणि पुन्हा जोडावी. आपल्यातले जे जवळ राहतात त्यांनी त्या दिवशी हजर राहावे, मी येईनच. लागेल तिथे पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवणाऱ्या संस्थांचा सल्ला घ्यावा. तीन, कपाटाची एक किल्ली मुलांच्या विज्ञान मंडळाकडे असावी आणि दुर्बिणीला काही झाले तर भरपाई आपल्या बॅचने करावी, बाईंनी नव्हे. ही हमी लेखी द्यावी. उरलेले पैसे दोन वर्षे बँकेत ठेवू. ही दुर्बीण मुलांना अपुरी पडू लागली आणि त्यांनी स्वतः येऊन मोठी मागितली, तर त्या दिवशी मोठी देऊ.

मुख्याध्यापक बाईंना एकच विनंती. रजिस्टरमधला जुना शेरा खोडू नका. त्याच्याखाली आजची तारीख घालून त्या तीन मुलांना लिहू द्या: 'दुरुस्त. पाण्याच्या टाकीची अकरावी पायरी नाही.' ग्रामपंचायतीला कळवायचे कामही त्यांच्याकडेच द्या.

संध्याकाळी सात वाजता गच्चीवर भेटू. जिना चढायला ज्यांना त्रास होतो अशा आपल्या गुरुजनांसाठी खुर्च्या आणि धरायला हात, दोन्हींची सोय केली आहे. रांगेत पहिला मान सरांचा.